शेवटचा नग

अहो, जरा थांबा. मी बोलतोय, इथून, खालच्या फळीवरून. मी एक बुश. म्हणजे धातूची जाड, आखूड नळी. खाणीत खडकाला भोकं पाडणारं ड्रिल असतं ना, त्याच्या तोंडाशी मला बसवतात. पोलादी दांडा माझ्यातून जातो आणि मी त्याला डगमगू देत नाही. झिजायचं ते मी, यासाठीच माझा जन्म.

लेथवरच्या कारागिराने मला घडवलं. तीनदा मोजलं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "झकास!" आयुष्यात कौतुक झालं ते तेवढंच. मग ग्रीस फासून, कागदात गुंडाळून मला खाणीच्या स्टोअरमध्ये आणून टाकलं.

आम्ही सहा जण होतो. एकेक करून पाच गेले, मी उरलो आणि तिथंच माशी शिंकली. स्टोअरकीपर काका माणूस वाईट नव्हता, पण शेवटचा नग द्यायचा नाही हा त्यांचा नियम. फळी रिकामी दिसली की त्यांना कसंतरीच व्हायचं.

एकदा फिटर आला. त्याचा धाकटा भाऊ ड्रिल चालवायचा.

"काका, तो बुश द्या. दांडा नुसता खडखडतोय. भावाच्या बोटांना मुंग्या येतायत, घरी आला की हात चोळत बसतो."

"शेवटचा आहे रे. उद्या खरंच गरज पडली तर?"

"मग आज काय मी हौस म्हणून आलोय?"

"नवे मागवलेत. आले की पहिला तुला."

नवे येणार कुठून? ऑफिसवाले म्हणायचे, "एक शिल्लक दिसतोय, मग मागणी कशाला?" म्हणजे मी होतो म्हणून नवे येईनात, आणि नवे येईनात म्हणून मला कुणी देईना. काय म्हणावं या शहाणपणाला! न्या हो मला, असं मी कागदात ओरडायचो. कोण ऐकतंय?

फिटरने जुन्या बुशात पत्र्याची पट्टी कोंबून काम भागवलं. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा खडखड. तो दर सोमवारी यायचा, काका दर सोमवारी हळहळायचे. असं वर्ष गेलं. शेवटी ते ड्रिल मोडीत निघालं. नवं आलं, त्याचं मापच वेगळं. न झिजताच मी म्हातारा झालो.

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी फिटरचा भाऊ आला. ड्रिल धरवेना, म्हणून त्याला हे हलकं काम दिलेलं. फळी पुसताना त्याने मला उचललं. माणसाचा हात, किती वर्षांनी! पण मी त्याच्या बोटांतून निसटलो. खाली पडल्याचा आवाज झाला, तेव्हाच त्याला ते कळलं. मला रडूच आलं. माझ्या वाटची झीज त्या हातांनी सोसली होती.

काल दुसरा एक फिटर बेअरिंग मागायला आला. माझ्या शेजारी एकच उरलं होतं, सोबतीला तेवढंच.

"शेवटचं दिसतंय," तो चाचरत म्हणाला. "मिळेल का?"

"मग काय लोणचं घालायचंय त्याचं?" भावाने दोन्ही तळव्यांत धरून ते पुढे केलं. "आधी बसव जा. सही मागून कर."

आता फळीवर मी एकटाच आहे. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ते गेलं, बरं झालं. तुमच्याकडेही असा एखादा राखून ठेवलेला नग असेल. ज्याला हवाय त्याला आजच देऊन टाका हो, त्याचे हात शाबूत आहेत तोवर.