परत आणून द्यायची काठी

वैजयंतीबाईंच्या घरात मासळीचं नावसुद्धा निघत नसे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी निर्जळी, आणि महाराष्ट्र मंडळात कीर्तन असलं की पहिल्या रांगेतली दुसरी खुर्ची त्यांची. आणि त्याच घरात, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरात, कपाटाच्या माथ्यावर खोल समुद्रातले मासे धरायची सात फुटी काठी चौदा महिने पडून होती. देवाची लीला म्हणा, नाहीतर थट्टा म्हणा.

काठी सुधन्वाची. एकुलता एक मुलगा. नोएडाच्या एका कंपनीत कामाला लागला, आणि तिथल्या मित्रांबरोबर त्यानं अंदमानचा बेत आखला. अख्खी बोट दिवसभरासाठी ठरवायची, पार आत जायचं, मोठा मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

"सोडायचाच तर त्या बिचाऱ्याला धरायचा कशाला रे?" वैजयंतीबाईंनी विचारलं होतं.

"आणि तू तेच आख्यान दहाव्यांदा ऐकायला जातेस, ते कशाला? मी विचारतो का कधी?"

त्याचे वडील खंडेराव पेपराआड हसले होते. पण काठी विकत घ्यायची निघाली तेव्हा हसणं संपलं. बोटीवर सगळं सामान भाड्यानं मिळतं, हे वैजयंतीबाईंना शेजारच्या सुरेखाकडून कळलं होतं.

"एकदाच तर जाणार. भाड्यानं घे की!"

"आई, तिथलं सगळं उजव्यांसाठी असतं. दोरी गुंडाळायच्या रिळाचं हँडल उजवीकडे. मी डावखुरा, मला ते फिरवताच येणार नाही. आणि एकदाच कोण म्हणालं? दर वर्षी जाईन."

डाव्या हातावरून मायलेकरांचं भांडण जुनं. लहानपणी तो प्रसादाला डावा हात पुढे करायचा आणि वैजयंतीबाई त्या हातावर चापट मारायच्या. "उजवा!" सव्विसाव्या वर्षीही मारायच्या. तोही मुद्दाम डावाच पुढे करायचा.

काठी त्यानं घेतलीच. दोन दिवस त्या त्याच्याशी तुटक बोलल्या. तिसऱ्या दिवशी शिरा केला, म्हणजे समेट. पुढच्या आठवड्यात, अंदमानला जायला नऊ दिवस उरले असताना, संध्याकाळी तो मोटारसायकलवर नोएडाहून निघाला आणि घरी पोचलाच नाही.

एकदाच तर जाणार, असं त्या म्हणाल्या होत्या. तो एकदाही गेला नाही.

त्यानंतर मंडळात कीर्तन झालं. बुवा रसाळ. म्हणाले, "लेकरं आपल्या मालकीची नव्हेत मायबाप, त्यानं सांभाळायला दिलेली. मुदत भरली की ज्याचं त्याला परत करायचं!" हेच वाक्य पूर्वी कितीदा ऐकून वैजयंतीबाईंनी पदरानं डोळे टिपले होते, गोड वाटून. त्या दिवशी त्या उठल्या आणि चालत्या झाल्या. देवाशी बोलणं सोडलं नाही त्यांनी, पण दिवा लावताना पुटपुटायच्या, "मुदत आधी सांगायची असते."

आता खंडेराव रिटायर होत होते. दोन महिन्यांत क्वार्टर सोडून नोएडाच्या छोट्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. सामान कमी करता करता त्यांनी काठीची जाहिरात मोबाइलवर टाकली. 'डावखुऱ्यांसाठी. न वापरलेली.' बायकोला एवढंच म्हणाले, "कुणी आलं तर देऊन टाक. मला ती रोज दिसते."

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात विशीतला मुलगा. विक्रांत नाव, नोएडालाच नोकरी, घरचे नागपूरचे, जन्म इथला.

"नमस्ते आंटी... सॉरी, काकू. तो रॉड आहे ना अजून?"

त्यांनी काठी काढून दिली. त्यानं ती हातात तोलली, डाव्या हातानं रिळाचं हँडल फिरवलं. टर्रर्र असा बारीक आवाज झाला. घरात तो आवाज याआधी, सुधन्वानं काठी आणली तेव्हा, दोन दिवस झाला होता, आणि वैजयंतीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या होत्या, "बंद कर ते!"

"यार, एकदम मस्त! एवढे दिवस शोधतोय. बोटवाले भाड्यानं देतात, पण सगळं उजव्या हाताचं."

वैजयंतीबाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"किती वेळा जाणार आहेस?"

"एकदाच. ऑफिसचा ग्रुप आहे."

"मग विकत कशाला घेतोस?"

"मम्मीपण हेच म्हणाली!" तो हसला.

वाटीत देवापुढची खडीसाखर होती. त्यांनी ती पुढे केली. त्याचा डावा हात आला, मग तो ओशाळला आणि हात मागे घेऊ लागला.

"असू दे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "डाव्याच हातात घे."

तो खडा चघळत असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "विकायची नाही मला. भाड्यानं घेऊन जा."

"भाडं किती?"

"काही नको. फक्त परत आणून द्यायची."

"डिपॉझिट तरी?"

"तू परत ये. तेच डिपॉझिट."

"बिल्कुल, काकू! अठरा तारखेला, रविवारी येतो." त्यानं त्यांचा नंबर टिपून घेतला आणि दाराशी जाऊन वळला. "कोणाची आहे?"

"माझ्या मुलाची."

"तो नाही वापरत?"

"तो बाहेर असतो."

दिल्लीत बाहेर असतो म्हटलं की लोक अमेरिका समजतात. तोही समजला. माळ घातलेल्या बाई खोटं बोलल्या, आणि दार लावून देवापुढे जाऊन बसल्या, पण माफी काही मागितली नाही.

संध्याकाळी खंडेराव घरी आले आणि त्यांनी आधी कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं. "गेली एकदाची," म्हणाले. बायकोनं सांगितलं तसे भडकले.

"भाड्यानं? दुकान टाकलंय का आपण? ती परत इथं यायला नको होती मला, कळत कसं नाही तुला?"

"विकली तर येणार नाही ना परत. म्हणूनच."

"काठीच ती, वैजू."

"घेऊन येणारा तर असेल कुणीतरी!" त्या म्हणाल्या. "दार उघडल्यावर समुद्रावरून आलेलं पोर दिसेल. म्हणेल, काकू, असं झालं, तसं झालं. मला ऐकायचंय ते. मी सुधन्वाला एकदाही विचारलं नाही, काय असतं रे तिथं."

 जेवताना खंडेराव म्हणाले, "अठरालाच येणार ना नक्की?"

पंधरा तारखेला विक्रांतचा फोटो आला. निळं पाणी, हातात चांदीसारखा मासा, काठी काखेत, रिळाचं हँडल डावीकडे. डोक्यावर टोपी, काळा चष्मा, नाकावर पांढरं मलम; चेहरा असा कळत नव्हता. वैजयंतीबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला नाही. होता तेवढाच बरा होता. त्यांनी मोबाइल नवऱ्यापुढे धरला. खंडेरावांनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा डोळ्यांवर ठेवला नाही.

"मासा सोडला असेल ना?" एवढंच ते म्हणाले.

रविवारी वैजयंतीबाईंनी थालीपिठं लावली. सुधन्वाला आवडायची तशी, कांदा जास्त, कडा करकरीत. खंडेरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि उगीचच दोनदा खाली जाऊन दही आणलं. ताटं तीन. तिसऱ्या ताटाशी दह्याचा चमचा वैजयंतीबाईंनी डावीकडे ठेवला. खंडेरावांनी पाहिलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

साडेबाराला बेल वाजली. दोघंही उठले.

"आंटी, पार्सल. ओटीपी बताइए."

हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, हातात लांबच लांब पुडकं. ओटीपी विक्रांतनं तेवढ्यात पाठवलाच होता, आणि खाली मजकूर: 'काकू, सॉरी, आज ऑफिसमध्ये अडकलोय. रॉड पाठवतोय. ट्रिप एकदम सुपर झाली! साध्या पाण्यानं नीट धुतलाय, मिठानं खराब होतो म्हणून. थँक यू सो मच. दादालापण थँक्स सांगा.'

वैजयंतीबाईंनी पुडकं सोडवलं. काठीला एक ओरखडा नव्हता. त्यांनी रीळ नाकाशी नेलं. मग काठीची मूठ. मग दोरीचं टोक.

"काय बघतेस?"

"वास नाही हो," त्या म्हणाल्या. "समुद्राचा वास नाही. सगळं धुऊन टाकलंय." आणि इतक्या महिन्यांत ज्या आवाजात रडल्या नव्हत्या त्या आवाजात रडल्या, जन्मभर मासळीचा वास टाळलेल्या बाई.

खंडेराव शेजारी जमिनीवर बसले. गुडघ्यांचं दुखणं असूनही बसले. मग म्हणाले, "त्याला सांगितलं होतंस?"

"काय?"

"सुधन्वाचं."

"नाही. बाहेर असतो म्हणाले."

"मग त्या पोराचा काय दोष? त्यानं वस्तू परत केली. चोख परत केली. स्वतः येण्यात काही आहे, हे त्याला कसं कळावं?"

थालीपिठं गार झाली होती. खंडेरावांचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. जाहिरात काढायची राहूनच गेली होती.

"हां जी," खंडेराव म्हणाले, आणि मग पलीकडून मराठी आलं असावं, कारण त्यांचा सूर बदलला. "हो, डावखुऱ्यांचीच. नाही, विकायची नाही आता. भाड्यानं मिळेल. भाडं काही नाही, पण एक अट आहे. परत द्यायला स्वतः यायचं. जेवायच्या वेळेला. पुढच्या महिन्यापासून पत्ता नोएडाचा."

पलीकडच्यानं काही विचारलं.

खंडेरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडावर धरला होता.

"मुलाची आहे," खंडेराव म्हणाले. "सुधन्वा नाव. गेला तो." हा शब्द त्यांनी आजवर कुणापाशी उच्चारला नव्हता, ऑफिसातसुद्धा इतरांनीच तो उच्चारला होता. "न वापरताच गेला. म्हणून म्हणतो, तुम्ही जाऊन या, आणि मग इथं येऊन आम्हाला सांगा, काय असतं तिथं."

 वैजयंतीबाई ऐकत होत्या.

"हॅलो?" खंडेराव म्हणाले. "आहात ना?"