पायऱ्यांखालची वायर

नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर दिवे बसवायचं काम सासऱ्यांच्या दुकानाला मिळालं होतं. ते पूर्ण झालं, आणि काम सुरक्षित असल्याच्या कागदावर सही करायच्या वेळी सूनबाई अडून बसली. दुकानाचा वीजकामाचा परवाना तिच्या नावावर होता. सासऱ्यांनी चाळीस वर्षं हेच काम केलं, पण परीक्षेच्या वाटेला ते कधी गेले नव्हते.

बारा व्होल्टचे चोवीस छोटे दिवे, तीन-तीन वॉटचे. ती दुसऱ्या कामावर असताना सासऱ्यांनी वायर ओढून घेतली, वर गालिचाही चिकटवून खिळ्यांनी ठोकला गेला. ती पाहायला आली तेव्हा खालचे दिवे लख्ख होते आणि वरचे नुसते लुकलुकत होते. फ्यूजच्या डबीत तीस अँपिअरचा फ्यूज बसला होता.

"बाबा, हा तीसचा कुणी लावला?"

"मी. साडेसातचा दोनदा उडाला. सारखं कोण बदलत बसणार?"

"उडाला म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. आणि ही वायर?" तिने डबीतलं टोक चिमटीत धरलं. "पाऊण स्क्वेअर मिलिमीटरची, इतकी बारीक. ही दारावरच्या घंटीला लावतात."

"मग बारा व्होल्टला काय दोरखंड लावू? हात लावला तर मुंगीसुद्धा चावत नाही!"

"व्होल्ट कमी म्हणूनच करंट जास्त लागतो. सगळे दिवे मिळून सहा अँपिअर घेतात. तार जाऊन-येऊन छप्पन्न मीटर. ती वाटेतच चार व्होल्ट गिळते, शेवटच्या दिव्याला जेमतेम आठ मिळतात. ते एक वेळ चालेल. पण फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून. ही वायर सात-आठ अँपिअरच्या वर तापणार, आणि तुमचा फ्यूज तीसपर्यंत झोपलेला."

"मला शिकवू नकोस."

नाट्यगृहाचा व्यवस्थापक घड्याळ पाहत होता. तीन दिवसांनी पहिला प्रयोग. "ताई, सही तेवढी करा ना."

"नाही करत," ती म्हणाली. तिने तो फ्यूज उपटला आणि पर्समध्ये टाकला. चोवीसही दिवे विझले.

घरी सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं आणि उठून गेले. नवरा हळूच म्हणाला, "या वेळी सोड ना. त्यांचा स्वभाव माहीत आहे तुला."

"त्या गालिच्यावरून सहाशे माणसं चढणार-उतरणार आहेत. त्यांच्या स्वभावाचं काय करू मी?"

सकाळी तिने नाट्यगृहामागच्या फरशीवर गाडीची बॅटरी ठेवली. त्याच दुहेरी वायरचा दहा मीटरचा उरलेला तुकडा घेतला, एका बाजूची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकली, मध्ये तो तीसचा फ्यूज बसवला. बाजूला वाळूची बादली. व्यवस्थापकाला बोलावलं, सासऱ्यांनाही.

"पायऱ्यांखाली तारा एकमेकींना चिकटल्या तर काय होईल, ते बघा."

सासरे हसले. "फट्‌कन फ्यूज उडेल, दुसरं काय!"

तिने बॅटरीला क्लिप लावली. वायर इतकी बारीक, की करंट तीसच्या आतच राहिला; फ्यूज उडाला नाही. वायर आधी मऊ पडली, मग वळवळली, आणि तिच्या अंगातून पांढरा धूर निघाला. जळक्या प्लॅस्टिकचा वास नाकात गेला तसा व्यवस्थापक दोन पावलं मागे सरला. तिने क्लिप काढली, वायरवर वाळू ओतली. फ्यूज होता तसाच शाबूत.

सासऱ्यांचं तोंड उतरलं, पण मान काही झुकली नाही. "परवाच्या आत गालिचा उचलून नवी वायर कोण टाकणार? आणि दुकानातलं रीळ मी देणार नाही!"

"रीळ माझ्याकडे आहे," मागून आवाज आला. सासूबाई रिक्षातून उतरत होत्या, मांडीवरचं चार स्क्वेअरच्या जाड वायरचं रीळ सांभाळत. "दुकानाच्या किल्ल्या तीस वर्षं माझ्या कमरेला आहेत. तुम्ही कोण न देणारे? सूनबाई, कुठून सुरू करायचं?"

दोघींनी गालिचा सोलायला घेतला. नवव्या पायरीवर सूनबाईचा हात थांबला. गालिच्याचा खिळा थेट वायरमध्ये घुसला होता, भोवतीचं आवरण तपकिरी पडलेलं. पाय पडला की तारा एकमेकींना टेकत होत्या. तिने सासऱ्यांना हाक मारली. ते आले, वाकून पाहिलं, बोटाने खिळा हलवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जाड वायर पत्र्याच्या पन्हळीतून वरपर्यंत गेली. तिने दहाचा फ्यूज बसवला: दिव्यांच्या सहाला पुरेसा, वायरच्या ताकदीच्या कितीतरी खाली. शेवटच्या दिव्यापाशी मीटर लावला. अकरा व्होल्टच्या वर. सगळे दिवे एकसारखे.

सासरे मागच्या दारात उभे होते. "एवढी अक्कल आहे तर स्वतःचं दुकान टाक," ते गुरगुरले.

"टाकते," ती म्हणाली, आणि कागदावर सही केली.

टाकलंही. त्याच रस्त्यावर, सासऱ्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर.