शून्य पानांची वही

खळीच्या डब्याकडे गेलेला थोरलीचा हात वाटेतच थांबला. भिंतीपाशी उभी राहून धाकटी मोठ्याने माप काढत होती.

“शंभर पानं, पाचशे ग्रॅम. दोनशे पानं, एक किलो. म्हणजे चारशेला दोन किलो.”

भिंतीवर दोन तक्ते शेजारी शेजारी चिकटवलेले होते, दोन्ही बाबांच्या हातचे. डावीकडे वहीच्या पानांचं वजन, उजवीकडे वहीच्या पाठीची रुंदी. पाठ म्हणजे दोन पुठ्ठ्यांच्या मधली पट्टी, जिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव उठवतात. दोन्ही तक्ते दोनशे पानांपाशी संपत. त्याहून जाड वही सहसा कुणी मागत नसे. या वेळी मात्र वेधशाळेने चारशे पानांच्या साठ वह्या मागितल्या होत्या, रोजच्या नोंदींसाठी, निळ्या कापडात. कापड मोजून आणलेलं होतं. वीतभरसुद्धा वाया घालवायची सोय नव्हती.

“आता पाठ. शंभर पानं, चौदा मिलिमीटर. दोनशे, चोवीस.” धाकटीने कानामागची पेन्सिल काढली. “चारशेला अठ्ठेचाळीस.”

चव्वेचाळीस, थोरली मनात म्हणाली.

शंभराला चौदा आणि दोनशेला चोवीस. चौदाची दुप्पट चोवीस कुठल्या गावी होते? तक्ता नुसता वर-खाली वाचला असता तरी कळलं असतं, की डावीकडचा दुपटीने चालतो, उजवीकडचा नाही. पाठीत पानांबरोबर पुठ्ठेही मोजावे लागतात, दोन्ही मिळून चार मिलिमीटर, आणि पानं कितीही वाढली तरी पुठ्ठे दोनच राहतात. थोरलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं खळ लावता लावता ते तिच्या बोटांना कळलं होतं.

धाकटीला मात्र सगळं शिकवलं जात होतं. कचेरीतली नोकरी सुटली म्हणून सहा महिन्यांपूर्वी ती बाबांच्या वह्या बांधायच्या कारखान्यात आली आणि पहिल्या दिवसापासून बाबांनी तिला आपल्या शेजारच्या स्टुलावर बसवलं. कागदातले तंतू कुठल्या बाजूला धावतात इथपासून सुरुवात. बाबांचे हात आता थरथरत, म्हणून बोलणं वाढलं होतं, आणि ते सगळं बोलणं धाकटीच्या ओंजळीत. थोरली बत्तीस वर्षं या टेबलाशी उभी होती. तिला एकदाही कुणी म्हटलं नव्हतं, की ये, बस, सांगतो. काल तर बाबांनी कमरेची किल्ली काढून धाकटीच्या हातात दिली. कापायच्या यंत्राची किल्ली! ती ज्याच्याकडे, कारखाना त्याचा, हे न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून थोरलीला जे खात होतं त्याला मत्सर म्हणतात हेही तिला ठाऊक होतं. तिने ते नाव झटकलं नाही.

“ताई, एकदा नजर टाकतेस?” धाकटीने चिठ्ठी पुढे केली. “कापण्याआधी.”

थोरलीने चिठ्ठीकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस, ठसठशीत अक्षरात.

“तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला मी काय सांगणार? मी आपली खळ लावणारी.”

धाकटीने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. मग चिठ्ठी खिशात घालून यंत्राकडे गेली. किल्ली फिरल्याचा आवाज आला.

बाबा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. दुपारभर यंत्राचं पातं खाली येत राहिलं. साठ पट्ट्या कापून झाल्या, एकसारख्या, कडा अगदी सुरेख. ते बघून थोरली आणखीच जळली. पोरीचा हात चांगला होता. पुठ्ठा, पट्टी, पुठ्ठा असं मांडून ती निळं कापड चिकटवू लागली. पहिलं वेष्टन करताना वाटलं, आता सांगावं. पाचवं करताना वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस म्हणेल. दहाव्यानंतर तिने विचार करणंच सोडलं. अठरा वेष्टनं झाली, एकावरही सुरकुती नव्हती.

चार वाजता बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले. शिवून तयार असलेला नमुन्याचा एकच गठ्ठा त्यांनी उचलला आणि वरच्या वेष्टनात बसवला. गठ्ठा आत हलला. मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा तो त्या निळ्या कापडात सैल दिसत होता.

“किती धरलंस?” बाबांनी विचारलं.

“अठ्ठेचाळीस.” धाकटीचा चेहरा उतरला. “दोनशेचं दुप्पट केलं. बाबा, चुकलं का?”

“कुणाला दाखवलं होतंस?”

थोरलीने ब्रश पाण्यात बुडवला. आता येणार होतं ते तिने चिठ्ठी पाहिली तेव्हाच ओढवून घेतलं होतं.

“नाही,” धाकटी म्हणाली. “घाई होती. ताईला दाखवायचं राहूनच गेलं.”

तिने थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही. थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. या पोरीने आपल्याला वाचवावं याहून मोठी शिक्षा तिला सुचली नसती.

बाबांनी कप खाली ठेवला. “वरच्या फळीवरची माझी एक वही काढ. लाल.”

त्या बारा वह्या थोरलीने जन्मभर पाहिल्या होत्या. बाबा त्यांत मापं लिहून ठेवत. दोन-तीन वर्षांनी एक भरे. धाकटीने एक उतरवली, धूळ पुसली.

“शेवटच्या पानावरचा आकडा वाच.”

“चारशे चाळीस.”

“तेवढी पानं घाल. साठही वह्यांत. कागद आहे आपल्याकडे. वेधशाळेला चाळीस पानं जास्त मिळाली तर ते काही भांडायला येणार नाहीत.”

धाकटीने मोठा श्वास सोडला आणि कागदाच्या थप्पीकडे धावली. थोरली मात्र जागची हलली नाही. दर वेळी त्या लाल वह्यांच्या पानांवर आकडे उठवायचं काम तिच्याकडेच असे, आणि दर वेळी तिला वाटे, काय हे बाबांचं खूळ, चारशेवर का थांबत नाहीत. चारशे चाळीस पानांना चव्वेचाळीस. पुठ्ठ्यांचे चार. अठ्ठेचाळीस.

“बाबा,” ती म्हणाली. “हे लाल कापड. शाळेच्या कामाचं ना? मी नवीन होते तेव्हाचं. बारा वह्या होत्या.”

“असेल.”

“त्या सगळ्या मी एकटीनं कापल्या होत्या. तुम्ही म्हणालात, छान झाल्यात, आता दोन दिवस मावशीकडे राहून ये. मी आले तोवर काम पोचलं होतं.”

“चौदा वर्षांची होतीस,” बाबा म्हणाले. “कडा छानच कापल्या होत्यास.”

त्यांनी वही उलटीसुलटी केली. 

“चुकलीस हे तुला कळू द्यायचं नव्हतं. शाळेला चारशे पानांच्या दुसऱ्या बारा करून दिल्या, या मी ठेवून घेतल्या. तुला बसवून पाठीचं माप शिकवायला गेलो असतो, तर तुला लगेच कळलं असतं. मग रोज उद्यावर ढकललं. पुढे तूच शिकलीस.”

थोरलीने हात फडक्याला पुसले. कोरडे झाले तरी पुसत राहिली.

“तिनं मला चिठ्ठी दाखवली होती,” ती म्हणाली. “मला माहीत होतं. मी मुद्दाम बोलले नाही.”

कागद मोजणारी धाकटी थांबली. बाबांनी मान डोलावली. त्यांना बहुधा नमुन्याचा गठ्ठा हलला तेव्हाच कळलं होतं. ते कप उचलून पुन्हा आत गेले.

थोरली भिंतीपाशी गेली. उजव्या तक्त्याच्या वरच्या कडेवर तिने मागच्या वर्षी दिनदर्शिका टांगली होती. ती खिळ्यावरून काढली. तिच्याखाली, शंभराच्याही वर, लाल पेन्सिलीने घुसडलेली एक ओळ होती. शाळेच्या कामानंतरच कधीतरी लिहिलेली. तिला ती आजवर बाबांची थट्टा वाटत आली होती.

“इकडे ये,” ती म्हणाली. “बस.”

धाकटी स्टूल ओढून बसली. किल्ली तिच्या मुठीत होती. तिने ती पुढे केली. थोरलीने तिची मूठ मिटवली आणि बोट तक्त्यावर ठेवलं.

“वाच.”

“शून्य पानं, चार.” धाकटीने डोळे पुसले. “शून्य पानांची वही कोण बांधतं, ताई?”

“कुणी नाही,” थोरली म्हणाली. “पण पान घालायच्या आधीच चार असतात. ते विसरायचं नाही.”