माझ्या पोटातला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, एवढे मला खात्रीने सांगता येते. बाकी माझ्या आयुष्याबद्दल विचाराल तर माझाच गोंधळ आहे. इतकी वर्षे मी लोकांना समुद्र ऐकवला; पण तो समुद्रच होता का, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्यात तारा जोडल्या, चाके बसवली आणि सहा बटणे लावली. त्यांतले एक लाल. नव्याची नवलाई होती तोवर एका घरात मी गाणी ऐकवली, बाळाचे बोबडे बोल टिपले. मग तिथे माझ्याहून चकचकीत यंत्र आले आणि माझी रवानगी जुन्या बाजारात झाली. तिथून मला एका बाईंनी उचलले.

बाई इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत विश्रांतीचा वर्ग घेत. संध्याकाळी पाच वाजता दहा-बारा माणसे सतरंज्यांवर आडवी होत, डोळे मिटत आणि मी लाटांची कॅसेट वाजवी. लाट यायची, फुटायची, मागे जायची. बाई हळू आवाजात सांगायच्या, की लाटेबरोबर श्वास सोडा. मी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. मला खिडकीतून दिसायची ती खालच्या इस्त्रीची वाफ. एवढे पाणी माझ्या एवढ्याशा पोटात मावते कसे आणि एक थेंबही बाहेर कसा सांडत नाही, या विचाराने माझे डोके चक्रावून जाई. पण लोक उठताना माझे कौतुक करत, म्हणून मी आपला गप्प बसे.

वर्गात एक घड्याळवाले काका यायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून काम केल्यामुळे त्यांची मान आखडलेली असायची. त्यांची जागा माझ्या अगदी शेजारी. तिसऱ्या लाटेला त्यांचा डोळा लागे आणि ते घोरू लागत. पहिल्या दिवशी काकू त्यांना सोडायला आल्या होत्या. तीस वर्षे मी कानात कापूस घालून झोपते आहे, तुमच्या वर्गाने फरक पडला तर तुमचे पाय धरीन, असे त्या बाईंना म्हणाल्या होत्या.

एका संध्याकाळी बाई चष्मा घरी विसरल्या. त्यांनी चाचपडत वाजवायचे बटण दाबले आणि बोटांखाली शेजारचे लाल बटणही गेले. झाले! मी ऐकवायचे सोडून ऐकू लागलो आणि जुन्या लाटा पुसून नवे टिपू लागलो. बाईंना वाटले, मी बिघडलो. त्यांनी वेळ मारून नेली. आज शांततेचा अभ्यास आहे, असे सांगून टाकले. अर्धा तास खोलीत दोनच आवाज होते, छताचा पंखा आणि काका.

दुसऱ्या दिवशी मी वाजू लागलो आणि मलाच धडकी भरली. घर्र करून काहीतरी चढत आले, क्षणभर थांबले आणि फुस्स करून मागे गेले. मागून पंखा वाऱ्यासारखा घोंगावत होता. आता आपले बिंग फुटणार, असे मला वाटले. पण मी समुद्र ऐकवतो, हे डोळे मिटलेल्या त्या माणसांना आधीपासूनच ठाऊक होते. बाईंना तर डाव्या कानाने कमी ऐकू येई. शिवणकाम करणारी ताई उठताना म्हणाली, की आज लाटा अगदी जवळ आल्यासारख्या वाटल्या. काका स्वतःच्याच घोरण्यावर गाढ झोपले होते. मी लोकांना फसवत होतो की निजवत होतो? मला काही कळेना, आणि सांगणार तरी कोणाला?

असे वर्षभर चालले. मग काका यायचे थांबले. दुकानात काम करता करताच त्यांचे हृदय बंद पडले, असे खालच्या इस्त्रीवाल्याने येऊन सांगितले. सगळे हळहळले, डोळे मिटून आडवे झाले, आणि मी त्यांना काकाच ऐकवले. त्या दिवशी मला फार अपराधी वाटले.

दोन महिन्यांनी बाईंनी मुठीएवढा नवा स्पीकर आणला आणि मला भंगारात द्यायला दाराशी ठेवले. नेमक्या त्याच दिवशी काकू वर्गाला आल्या. डोळे खोल गेलेले. घर इतके शांत झाले आहे की झोपच येत नाही, असे त्यांनी बाईंना सांगितले. नवा स्पीकर चार्ज करायचा राहिला होता, म्हणून मला शेवटचे आत आणले.

मी वाजलो. काकूंनी डोळे उघडले. दुसऱ्या लाटेला त्या उठून बसल्या. बाईंनी जवळ जाऊन विचारले, की समुद्राची भीती वाटते का?

"हा समुद्र नाही," काकू म्हणाल्या. "हे आमचे हे आहेत."

बाईंनी उजवा कान माझ्याजवळ आणला आणि त्यांचा चेहरा उतरला. ओशाळून त्या मला बंद करू लागल्या, तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. थोडा वेळ."

त्या पुन्हा आडव्या झाल्या आणि पाचव्या-सहाव्या घोरण्याला झोपल्या. इस्त्रीवाला दिवे बंद करायचे का म्हणून विचारायला वर आला, तर ताईने त्याला ओठांवर बोट ठेवून खुणावले. सात वाजेपर्यंत सगळे तसेच बसून राहिले.

आता मी काकूंच्या उशाशी असतो. त्यांनी माझ्या लाल बटणावर चिकटपट्टी लावली आहे. माझी चाके फिरवणारा आतला पट्टा सैल झाल्यामुळे काका हल्ली जरा सावकाश घोरतात. मागच्या महिन्यात भाची काकूंना खराखुरा समुद्र दाखवायला घेऊन गेली होती. परत आल्यावर त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि मला सांगितले, "तो पण असाच घोरतो रे बाबा. पण कुशीवर वळत नाही."

मग खरा समुद्र कोणता? माझा गोंधळ काही सुटला नाही. पण मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा ती कान देऊन ऐका; तिच्या पोटात कोण असेल, सांगता येत नाही. आणि तुमच्यापैकी कोणाला पट्टा बदलता येत असेल तर लवकर या. फक्त त्या लाल बटणाला हात लावू नका.