खर्जाच्या पुस्तकातले भोक

मी एक जुने भोक आहे. मित्रांनो, हसू नका. फाटक्या छत्रीची कहाणी तुम्ही गुमान ऐकून घेता, मग माझीच का नको?

युरोपातल्या प्रबोधनकाळात चार आवाजांचे गाणे चार वेगळ्या पुस्तकांत छापत. ज्याचा आवाज त्याच्या हातात. मी सर्वांत खालच्या, म्हणजे खर्जाच्या पुस्तकातले. एका किड्याने मला जन्म दिला आणि भरल्या पोटी तो निघून गेला. संस्कार असे काही झालेच नाहीत.

पुढे शेकडो वर्षे कोणी विचारले नाही. मग ग्रंथालयात एक संशोधक ताई आली. माझ्या पानावरचे गाणे प्रार्थना की प्रेमगीत, यावर तिची पदवी अडली होती. तिने पानांचे फोटो नेले. त्या स्वरलिपीत रेघांवरचा ठिपका म्हणजे स्वर. फोटोत मी काळे, गोल, नेमके रेघेवर बसलेले, हुबेहूब स्वर! 'उसासा' या शब्दावर इतका कर्कश स्वर प्रार्थनेत कोण घालेल, असे म्हणत तिने माझ्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले. माझी छाती फुगली असती, पण भोकाला छाती नसते.

परीक्षकांना गाणे ऐकवायचे होते. ताईने घरचीच माणसे उभी केली. खर्ज मामांकडे. मामा दातांचे डॉक्टर.

"अगं, हा स्वर आहे की दाढदुखी?" तालमीत मामा म्हणाले.

"भावना आहे ती, मामा. गा मुकाट्याने."

"गातो बाई. पण त्या तिघांची तोंडं बघ जरा."

ताईने तोंडे बघितली आणि दुसऱ्या दिवशी तडक ग्रंथालय गाठले. पान उचलले, तर माझ्यातून तिला स्वतःचे लाल नख दिसले.

"पुस्तक मिट, मी कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले. पण भोकाचे ऐकतो कोण? तिने ओठ आवळले, भिंग काढले आणि समोरचे पान धुंडाळले. तिथे जुन्या शाईचा फिकट, उलटा ठसा उमटला होता: एक छोटी उभी रेघ. गायकाने थांबण्याची खूण. किड्याने स्वर खाल्लाच नव्हता. त्याने शांतता खाल्ली होती.

परीक्षेत ताई आधी उभी राहिली. "माझं तिसरं प्रकरण एका भोकावर उभं होतं. ते मी काढून टाकलंय. आता ऐका."

'उसासा' आला. मामा थांबले. वरचे तिन्ही आवाज पायाखालची जमीन काढल्यासारखे लोंबकळले, आणि मामांनी घेतलेला श्वास शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

"उसाशाला असा श्वास म्हणजे प्रेमगीतच," म्हातारे परीक्षक पुटपुटले. ताईला पदवी मिळाली.

नंतर मामांनी ग्रंथालयात येऊन मला निरखून पाहिले. "वेळेत बुजवलं नाही तर वाढेल हं हे," ते म्हणाले. सवयच ती. पण खरे बोलले. आता माझ्यावर पातळ कागदाची पट्टी आहे.

मित्रांनो, पुस्तके ओलीत ठेवू नका, अधूनमधून उघडून झटकत जा. तुम्हाला सगळे मोठे व्हायला सांगतात. मी मात्र पक्के ठरवले आहे, कणभरही मोठे व्हायचे नाही. शेजारीच एक खरा स्वर राहतो.