दोष मागच्या ड्रमचा नव्हता

मी एक जुना ब्रेकचा ड्रम आहे. गाडीच्या मागच्या उजव्या चाकात माझी जागा. डाव्या चाकात माझा जुळा भाऊ आहे. तो फारसा बोलत नाही, म्हणून दोघांचे मीच सांगतो. मित्रांनो, म्हातारा आहे म्हणजे रडगाणे गाणार, असे समजून बसला असाल तर तसे काही होणार नाही. माझ्यावर एक आळ आला होता. तो कसा आला आणि कसा उतरला, तेवढे ऐका.

वाळूच्या साच्यात तापलेले लोखंड ओतून आम्हा दोघांना घडवले. मग लेथवर चढवून पोटाची बाजू गुळगुळीत केली. माझे काम सोपे, पण निकराचे. मी चाकाबरोबर फिरतो. पेडल दाबले की नळीतून तेलाचा दाब येतो, आतला छोटा सिलिंडर दोन शू, म्हणजे कमानीसारख्या दोन पट्ट्या, बाहेर ढकलतो आणि त्या माझ्या पोटाला घासतात. मी तापतो, चाक मंदावते. माणसे म्हणतात, गाडी थांबली. कोणी थांबवली, हे बघायला कोणी खाली वाकत नाही.

आमचे पहिले मालक शिलाई मशीन दुरुस्त करायचे. डिकीत तीन-तीन मशीन, वर हत्यारांची पेटी. त्यामुळे मागची चाके रस्त्याला घट्ट धरून असत. लोक इंजिनाच्या आवाजाचे कौतुक करत, रंगाचे करत. पुढचे ब्रेक वरचेवर उघडून बघत. आमची पाळी आली की म्हणत, "मागचं काय बिघडतंय? पुढच्या खेपेला बघू." अशा पुढच्या खेपा किती ऐकल्या, विचारू नका. मालकांची बहीण तेवढी वेगळी. तिचा स्वतःचा लेथ होता. घरातले आणि शेजारचेही तिला आत्याच म्हणत. तिने मला दोनदा लेथवर चढवून साफ केले.

मालक गेले आणि गाडी त्यांच्या मुलीकडे आली. ही ताई परिचारिका आहे. वरच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधायला ती घरोघर जाते. डिकीत आता फक्त औषधांची बॅग. वस्तीचा रस्ता चांगलाच उताराचा. तिच्या धाकट्या भावाला तिची काळजी, आणि हातही सारखे शिवशिवणारे. त्याने पुढच्या दोन्ही चाकांचे ड्रम काढून डिस्क, म्हणजे लोखंडी थाळ्यांचे ब्रेक, बसवल्या. डिस्कला दाब जास्त लागतो, म्हणून पेडलचा जोर वाढवणारा बूस्टरही लावला.

"ताई, आता नुसता अंगठा टेकवलास तरी गाडी उभी राहील," तो म्हणाला.

राहिली, पण आडवी. पहिल्याच दिवशी ओल्या उतारावर ताईने पेडल दाबले आणि मी व माझा भाऊ जागच्या जागी गच्च झालो. आमची चाके फिरायची थांबून घसरू लागली आणि गाडीची मागची बाजू गर्रकन पुढे आली. चप्पल दुरुस्तीच्या दुकानाचा कठडा वीतभर राहिला, तेव्हा कुठे आम्ही थांबलो. कोणाला लागले नाही. पण ताईचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

घरी येऊन ती धाकट्याला म्हणाली, "विकून टाक ही गाडी. मी चालत जाईन."

"चालत गेलीस तर निम्मी घरं होतील."

"होऊ देत निम्मी. मेलेली नर्स एकही घर करत नाही."

धाकट्याने लगेच गुन्हेगार शोधला. "हे मागचे डबे जुने झालेत, तेच अडकतात. काढून फेकतो. मागेही पुढच्याएवढ्याच डिस्क लावू. चारही चाकांना सारखा ब्रेक!"

डबे! जन्मभर चिखल खाल्ला, आगीसारखा तापलो, कधी कुरकुरलो नाही, आणि पदवी मिळाली डबा. मी मनात म्हटले, फेक बाबा, पण आधी गुन्हा सिद्ध कर.

दुसऱ्या सकाळी डिस्कची खोकी आली आणि पाठोपाठ आत्या. ताईनेच तिला बोलावले होते. धाकट्याने मला उतरवून बाकावर ठेवले होते. ड्रम किती झिजेपर्यंत वापरावा, तो आकडा माझ्या काठावर कोरलेला आहे. आत्याने तो वाचला आणि माझ्या पोटाचा व्यास मोजला. खरे सांगतो, तेव्हा जीव टांगणीला लागला. माप संपले असते तर माझे तोंडच बंद झाले असते.

"अजून आहे. थोडं आहे, पण आहे," ती म्हणाली. भावाचेही मापले. "गोलाईही बिघडलेली नाही."

"मग अडकतो कशाला?"

"तू अडकवतोस म्हणून. धाव बघू त्या भिंतीपर्यंत."

"आत्या, मी चाळिशीचा आहे!"

"पोटावरून दिसतंय. धाव."

तो धावला. "थांब!" आत्या ओरडली. तो पुढे झुकत कसाबसा थांबला. दारात उभी असलेली ताई कालपासून पहिल्यांदाच हसली.

"भार कुठे आला?"

"पंजांवर."

"आणि टाचा?"

"उचलल्या गेल्या."

"गाडीचंही तेच. थांबताना भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जोरात धरलंस की ते घसरणारच. दादाच्या वेळी मागे मशिनींचं वजन असायचं. आता काय आहे? कापूस आणि पट्ट्या! वर तुझा बूस्टर. त्याचा दाब पुढे जातो तसा मागेही जातो."

"पण चौघांना सारखं नको का?"

"अरे शहाण्या, पोटात जागा नाही त्याला कोंबतात का कधी? मागे या थाळ्या लाव, म्हणजे काल राहिली ती वीतही उरायची नाही."

आत्याने आम्हा दोघांच्या आतले सिलिंडर काढून लहान तोंडाचे बसवले. दाब तोच, पण लहान सिलिंडर शूंना कमी जोराने ढकलतो. नळीतली हवा काढली. मग चारही टायरांवर खडूने आडव्या रेघा मारल्या आणि अंगणात पाणी शिंपडले.

"मी नाही बसणार," ताई म्हणाली.

"पाय तुझा आहे. खात्री तुझ्याच पायाला पटायला हवी. हळूच घे."

एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला धाकटा, डोळे खडूच्या रेघांवर. पहिल्या खेपेला गाडी एका अंगाला ओढली गेली. माझा भाऊ उशिरा धरत होता. आत्याने त्याच्या शूची फट जुळवली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मग ताईने पेडल जोरात दाबले.

"पुढची रेघ थांबली!" धाकटा ओरडला. "मागची अजून फिरतेय!"

"फिरू दे. फिरतेय म्हणून तर गाडी सरळ आहे."

ताईने आणखी चार वेळा दाबून बघितले. मग घरात गेली आणि बॅग घेऊन आली.

परतताना त्याच उतारावर तिने पेडल दाबले. गाडीचे नाक खाली वाकले. पुढच्या डिस्कनी मोठा घास घेतला, आम्ही आमच्या वाट्याचा घेतला, आणि गाडी सुतासारखी सरळ उभी राहिली. कठड्यामागचा दुकानदार मात्र पळायच्या बेतात होता.

"बसा हो काका," ताई म्हणाली, "आज तुमच्याकडे येत नाही!"

त्या दिवशी तिची सगळी घरे झाली.

कोणी म्हणेल, म्हणजे तुझे काम कमीच केले की! हो, केले. पण त्या डिस्कना म्हणावे, आमच्याशिवाय एकदा तो उतार उतरून दाखवा.

तेव्हा मित्रांनो, घरच्या जुन्या गाडीला पुढे नवे ब्रेक बसणार असतील, तर मागच्यांचे काय, हे जाणत्या माणसाला विचारायला लावा. आम्हाला वेळच्या वेळी उघडायला सांगा. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि माझे माप संपले असेल, तर मला खुशाल भंगारात टाका, मी हूं की चूं करणार नाही. पण माप न घेता, नुसत्या संशयावरून कोणी मला काढायला आले, तर माझे गंजलेले नट त्याला घाम फोडल्याशिवाय सुटणार नाहीत.