समाचाराची वही

वडिलांना, अण्णांना जाऊन पाच दिवस झाले होते. ओसरीवर समाचाराला आलेली माणसं बसली होती, आणि आत ऋजुताच्या ऑफिसचा फोन वाजला.

"वाईट झालं," विमा कंपनीचे ब्रँच मॅनेजर शार्दूल सर म्हणाले. "सावकाश ये. फक्त एकतीस मार्च विसरू नकोस. दहातल्या सातच पॉलिसी झाल्यात तुझ्या. ही सलग तिसरी तिमाहीपण चुकली तर माझ्या हातात काही राहणार नाही." मग त्यांनी विचारलं, "घरी येणाऱ्यांची नावं लिहून ठेवता ना?"

"हो. तेराव्याला बोलवायला."

"पुढे फोननंबरही लिही. मरण जवळून बघितलेला माणूस विम्याला नाही म्हणत नाही."

ऋजुताला शिसारी आली. पण अण्णांच्या आजारपणात होतं नव्हतं ते गेलं होतं. आता घर तिच्याच पगारावर चालायचं होतं. ओसरीवर येऊन तिने वही उघडली. "काकू, नंबर सांगता तुमचा?"

"किती नीट करते बघा," आई, मालिनीताई, आल्यागेल्याला सांगत. "अण्णांचं शाळेतलं हजेरीपुस्तक अस्संच असायचं."

अकराव्या दिवशी संध्याकाळी ऋजुताने वहीची झेरॉक्स सरांना दिली. तेरावा होईपर्यंत तरी ते थांबतील, असं तिने धरलं होतं.

तेराव्याला पूर्णगडहून अण्णांचे मित्र आप्पा आले. पानावर बसताच म्हणाले, "काय गो बाय, तुझ्या ऑफिसातून फोन आलेला. अण्णा गेले, तुमचं काय, म्हणतो!"

पंगतीत कुणीतरी खुसकन हसलं आणि पानात बघायला लागलं. मालिनीताईंच्या हातातला डाव थांबला.

"मी म्हटलं, मी त्र्याहत्तरचा, माझं यमाशी परस्पर ठरलंय. तर म्हणतो, तुमचं वय बसत नाही, घरात तरुण कोण आहे? पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. म्हणून नातवाला, केरूला आणलाय. सही कुठं करायची ती दाखव त्याला. अण्णाच्या पोरीची नोकरी जाता कामा नये."

नको आप्पा, म्हणायचं तिच्या ओठांवर होतं. पण उठून तिने पिशवीतून फॉर्म काढला. आणला होताच. हात धुऊन केरूने सही केली. ते बघून आणखी दोघांनी केली, तिच्याकडे न बघता.

मालिनीताईंनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. ऋजुताच्या पानापाशी त्या थांबल्या नाहीत.

एकतीस तारखेला फळ्यावर तिच्या नावापुढे दहा लागले. सरांनी टाळ्या वाजवल्या.

एक एप्रिलला सकाळी मालिनीताईंनी वही तिच्या डब्याशेजारी आणून ठेवली. "ही घरात नको. तुझ्या ऑफिसची आहे."

ती पोहोचली तेव्हा सर फळा पुसत होते. तिच्या नावापुढे त्यांनी नव्या तिमाहीचा आकडा लिहिला, बारा.

"वहीत अजून बरेच उरलेत ना गं?"

"एकेचाळीस," ऋजुता म्हणाली आणि फोन पुढे ओढला.